दोन साडू आणि एक गालिचा

सासूबाईंचा खोकला दोन महिने हटेना, तेव्हा छाती तपासणाऱ्या बाईंनी औषधांच्या कागदाच्या तळाशी एक ओळ लिहून दिली: ‘बैठकीतला गालिचा नीट स्वच्छ करून घ्या, नाहीतर घरातून काढा.’

घरातून काढायची सोय नव्हती. गालिचा सासऱ्यांचा होता. सासरे घड्याळजी. आयुष्यभर दुकानाच्या अरुंद फळीवर कोपरं टेकून बसले, आणि दुकान बंद केलं त्या वर्षी एका मोडीत निघालेल्या हॉटेलच्या सामानातून हा गालिचा उचलून आणला. दहा फूट बाय चौदा फूट, अस्सल लोकरीचा, डाळिंबी लाल जमीन, तिच्यावर सायीच्या रंगाची पाच मोठी फुलं आणि कडेला निळी पट्टी. तो अंथरायचा म्हणून त्यांनी बैठकीतलं निम्मं सामान वाटून टाकलं. रोज संध्याकाळी त्यावर पाय पसरून बसायचे आणि म्हणायचे, “आता कुठे पाठीला कळलं की मालक आपणच आहोत.” त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती. गालिचा होता तिथेच होता आणि सासूबाई रोज संध्याकाळी त्याच्या खिडकीकडच्या कोपऱ्यात, खोकत का होईना, पण बसत होत्या.

तर धुवायचा हे ठरलं. कसा धुवायचा, हे ठरवायला शनिवारी दुपारी चहाला सगळी जमली. सगळी म्हणजे सासूबाई, त्यांच्या दोन मुली आणि दोन जावई.

थोरला जावई कापडगिरणीच्या रंगखात्यात होता. कापडाचा रंग पाण्यात उतरतो का, उन्हात उडतो का, घासल्यावर हाताला लागतो का, हे तपासण्यात त्याची पंचवीस वर्षं गेली होती. गिरणीत, शेजारात, सासुरवाडीत, सगळीकडे त्याला रंगारीच म्हणत. धाकटा जावई दातांचा डॉक्टर. त्याला अर्थातच डॉक्टर म्हणत.

रंगाऱ्याचा आणि त्या घराचा संबंध सतरा वर्षांचा. त्या घरातला एकही नळ असा नव्हता, ज्याचा वायसर त्याने बदलला नव्हता. माळ्यावरची टाकी त्याने बसवली, दाराला घासणारी चौकट त्याने रंधली, सासरे आजारी असताना त्यांच्या खाटेला बाजूचा कठडा त्यानेच करून लावला. सासरे त्याला शेजारी बसवून घ्यायचे आणि मुलीला सांगायचे, “तुझ्या नवऱ्याचे हात घड्याळजीचे आहेत, गिरणीत फुकट चाललेत.” एवढ्या एका वाक्यावर रंगारी वर्षभर पाणी न मागता राबला असता.

मग सासरे गेले, आणि वर्षभरात डॉक्टर आला. चांगला उंचापुरा, बोलायला गोड, हाताला कसलासा स्वच्छ वास येणारा. आल्या आल्या त्याने सासूबाईंची जुनी सैल कवळी काढून टाकली आणि नवी करून दिली. काय बसली ती कवळी! सासूबाई दहा वर्षांनी लहान दिसायला लागल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला ओठ वर करून दाखवायच्या. रंगारी एकदा बायकोला म्हणाला, “आता माझं काही खरं नाही. त्या हसल्या तरी त्याच्या दातांनी हसतात आणि मला बोलल्या तरी त्याच्याच दातांनी बोलतात.” बायको पोट धरून हसली. तो हसला नव्हता.

चहा झाला. धाकटी म्हणाली, खायचा सोडा भुरभुरवायचा, तासभर ठेवायचा आणि झाडून काढायचा. थोरली म्हणाली, गच्चीवर दोरीला टाकून झोडपून काढायचा, आमच्या लहानपणी बाबा जाजमं तशीच झोडपायचे. सासूबाईंनी दोघींचं ऐकून घेतलं आणि मान रंगाऱ्याकडे वळवली.

“तुम्ही काय म्हणता, जावईबापू?”

रंगारी याचीच वाट बघत होता. आठवडाभर त्याने मनात जुळवाजुळव केली होती. “आधी उलटा टाकायचा,” तो म्हणाला. “पाठीवरून थोपटायचा. पोटात माती असते ती गुरुत्वानेच खाली येते. ती निघाल्याशिवाय पाणी लावलं तर चिखल होतो. मग थंड पाणी, त्यात अगदी थोडा सौम्य साबण, नंतर व्हिनेगरचं पाणी. हातभर, हातभर तुकडा घ्यायचा, पांढऱ्या फडक्याने दाबून टिपायचा, घासायचा नाही. लोकर आहे, घासली की गुठळते. एक तुकडा वाळला की पुढचा.”

“किती दिवस लागतील?” धाकटीने विचारलं.

“तीन रविवार. फार तर चार.”

सासूबाई नेमक्या तेव्हाच खोकल्या. चांगल्या अर्धा मिनिट खोकल्या. डॉक्टरने उठून त्यांना पाणी दिलं आणि मग खुर्चीच्या कडेवर बसत, जरा संकोचाने म्हणाला, “एक मशीन मिळतं भाड्याने. गरम पाणी फवारतं आणि लगेच ओढून घेतं. माझ्या ओळखीच्यांनी घरी वापरलंय. दुपारी सुरू केलं की संध्याकाळपर्यंत गालिचा वाळायला लागतो. आईंना धुळीत महिनाभर ठेवण्यापेक्षा… म्हणजे, दादांची पद्धत चांगलीच आहे.”

हे ‘चांगलीच आहे’ रंगाऱ्याला जास्त झोंबलं.

“एका दुपारीत?” सासूबाईंचे नवे दात चमकले. “मग प्रश्नच मिटला. जावईबापू, तुमचं सगळं निगुतीचं असतं हो, पण तुमचा गालिचा स्वच्छ होईपर्यंत मीच वर जायची. डॉक्टर, पुढच्या रविवारी आणा ते मशीन.”

सगळे हसले. रंगारीही हसला. हसताना त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण ते बघायला कोणाचं लक्ष नव्हतं.

बायका कपबशा घेऊन आत गेल्या, डॉक्टर फोनवर मशीनची चौकशी करायला व्हरांड्यात गेला आणि रंगारी बैठकीत एकटा उरला. सवय म्हणून त्याने रुमाल काढला, टेबलावरच्या किटलीतलं उरलेलं गरम पाणी त्यावर ओतलं, एका कोपऱ्यात गुडघ्यावर बसला आणि निळ्या पट्टीवर रुमाल अर्धा मिनिट दाबून धरला. रुमाल पांढराच राहिला. मग त्याने तोच रुमाल दुसऱ्या बाजूने लाल जमिनीवर दाबला. उचलून बघतो तर रुमालावर गुलाबी डाग, तळहाताएवढा. तांब्यातल्या गार पाण्याने दुसरीकडे करून बघितलं. तिथे जेमतेम सावली आली.

म्हणजे गार पाण्याला रंग धरून राहत होता आणि गरम पाण्याला सोडत होता. त्यात मशीनमध्ये घालायचा साबण कडक असतो. लाल सुटणार आणि सायीच्या फुलांत उतरणार, हे त्याला गिरणीतल्या कुठल्याही कागदापेक्षा स्वच्छ दिसलं.

तो उठला आणि सांगायलाच निघाला होता. हे खरं आहे, नंतर त्याने स्वतःला पुष्कळदा विचारून बघितलं तेव्हाही उत्तर हेच आलं, की तो सांगायलाच निघाला होता. पण स्वयंपाकघराच्या दाराशी पोचला तर सासूबाई फोनवर त्यांच्या बहिणीशी बोलत होत्या.

“नाही गं, थोरले काय, घरचेच. नळ गळला की बोलवायचं, करून जातात बिचारे. पण अशा कामाला डोकं लागतं. ते आमच्या डॉक्टरांचं.”

रंगारी दाराशी उभा राहिला. ‘बिचारे’ त्याने पचवलं असतं. नळाचंही पचवलं असतं. ‘डोकं’ मात्र घशात अडकलं. त्याने ओल्या रुमालाची घडी केली, घडीवर घडी केली, खिशात घातली आणि बायकोला म्हणाला, “चल, निघू या.”

तो आठवडा त्याने कसा काढला, त्याचं त्यालाच ठाऊक. रोज सकाळी तो ठरवायचा, आज फोन करू. आणि रोज दुपारी त्याच्या मनातला वकील उठून उभा राहायचा. आपल्याला विचारलं होतं, आपण सांगितलं होतं, थंड पाणी म्हटलं होतं. ज्यांना डोकं आहे त्यांनी ते वापरावं. आणि कदाचित नाही सुटणार रंग. कोपऱ्यात सुटला म्हणून सगळीकडे सुटेल असं थोडंच आहे? या शेवटच्या वाक्यावर त्याला स्वतःचंच हसू यायचं. गिरणीत कोणी असं म्हणालं असतं तर त्याने त्याला दारातून आत घेतलं नसतं.

रविवारी तो मुद्दाम लवकर गेला. मदतीला म्हणून गेला, असं बायकोला वाटलं. डॉक्टरने मशीन आणलं होतं. पाणी तापवायची टाकी, एक जाड नळी, पुढे रुंद तोंड. सासूबाईंनी शेजारच्या दोघींना बोलावून खुर्च्यांवर बसवलं होतं. डॉक्टरने बाह्या दुमडल्या होत्या, आणि एरवी लोकांच्या तोंडात निर्धास्तपणे हात घालणारा हा माणूस नळी जोडताना दोनदा चुकला.

“दादा,” तो हळूच म्हणाला, “तुम्ही रंगखात्यातले. यावर तीन खुणा आहेत, कोमट, गरम, कडकडीत. कुठे ठेवू?”

आता याच्याइतका सरळ प्रश्न दुसरा नसतो. रंगाऱ्याने एकदा सासूबाईंकडे बघितलं. त्या शेजारणीला सांगत होत्या, “सगळं डॉक्टरांनीच शोधून काढलं.” रंगाऱ्याने मान वळवली.

“मशीनवर लिहिलेलं असेल की,” तो म्हणाला.

“इथे लिहिलंय, फार मळ असेल तर कडकडीत.”

“मग झालं तर.”

डॉक्टरने बटण कडकडीतवर फिरवलं.

सुरुवात दारापासून झाली. तिथे निळी पट्टी होती. मशीन घरघरलं, वाफ उठली, आणि नळीतून मागच्या टाकीत काळंभोर पाणी येऊन पडायला लागलं. शेजारणी वाकून वाकून बघत होत्या. “बाई, बाई, एवढी घाण? आणि यावर आपण बसत होतो?” पट्टीचा निळा असा खुलला की काल विणल्यासारखा. सासूबाई हरखून गेल्या. रंगारी भिंतीला टेकून उभा होता आणि त्याच्या मनात सगळ्यात आधी आलेला विचार असा होता, की नाहीच सुटला रंग तर? तर हा माणूस या घरात देव होणार आणि आपण ‘तीन रविवार’ म्हणून जन्मभर चेष्टेचा विषय होणार. त्या पाच मिनिटांत त्याने मनापासून इच्छा केली की रंग सुटावा.

सुटला. डॉक्टर लाल जमिनीवर आला, दोन पट्टे ओढले आणि तिसरा पट्टा पहिल्या फुलावरून नेला. फूल मागे ओलं, स्वच्छ राहिलं. मग त्याच्या कडा गुलाबी झाल्या. मग पाकळ्यांच्या आत बोटबोट गुलाबी शिरलं. डॉक्टरला वाटलं, मळ आहे. त्याने तिथेच पुन्हा गरम पाणी मारलं. फूल बघता बघता शेंदरी-गुलाबी होऊन गेलं आणि शेजारच्या दुसऱ्या फुलाकडे लाल ओघळ निघाला.

मशीन बंद झालं. शेजारणींपैकी एकीला अचानक गॅसवरचं दूध आठवलं आणि दोघी निघून गेल्या.

रंगाऱ्याला बरं वाटलं. लपवण्यात अर्थ नाही, त्याला बरं वाटलं. चहा गाळायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ वाटलं. डॉक्टरचा चेहरा त्या फुलाच्या जुन्या रंगासारखा झाला होता. आता सासूबाई बोलतील, रंगाऱ्याला वाटलं. सात वर्षांपूर्वी त्याच्या हातून न्हाणीघरातली एक फरशी तडकली होती, तिचा उद्धार अजून अधूनमधून व्हायचा. आता बघू.

सासूबाई खुर्चीतून उठल्या, गुडघ्यांवर हात ठेवत गालिच्याजवळ बसल्या, गुलाबी झालेल्या फुलावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “असू दे हो, डॉक्टर. तुम्ही चांगल्यासाठीच केलंत.”

रंगाऱ्याच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे याने घराचा गालिचा बुडवला तरी ‘असू दे’? पण त्याच वेळी त्याचं लक्ष सासूबाईंच्या हाताकडे गेलं. तो हात फुलावरून सरकत सरकत खिडकीकडच्या कोपऱ्यात गेला, सासरे बसायचे त्या जागी, आणि तिथली कोरडी लोकर त्या नुसत्या कुरवाळत राहिल्या. ओघळ त्या कोपऱ्यापासून चार हातांवर होता.

हा कोणाचा गालिचा आहे, हे रंगारी आठवडाभर विसरला होता. डॉक्टरचं नाक खाली करायच्या नादात त्याने सासऱ्यांच्या बैठकीत पाणी सोडलं होतं.

तो भिंतीपासून सुटला. “टाकीतलं गरम पाणी ओता,” तो म्हणाला. “सगळं. थंड भरा. साबण नको. घरात व्हिनेगर किती आहे? आणि पांढऱ्या जुन्या चादरी काढा, रंगीत एकही नको. वाळायच्या आत निघालं तर निघेल. वाळलं की बसलंच.”

आवाज असा होता की कोणी उलट विचारलं नाही. धाकटी व्हिनेगरच्या बाटल्या आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात धावली. थोरलीने कपाटातल्या चादरी बाहेर ओढल्या आणि बादली भरून आणली. बादली ठेवताना ती नवऱ्याच्या कानाशी वाकली.

“तुम्ही नवीन मोजे आणले तरी आधी ओले करून बघता,” ती म्हणाली. “हा बघितला नव्हतात?”

रंगाऱ्याने बादली जवळ ओढली. तिने त्याच्याकडे क्षणभर बघितलं, ओठ मिटले आणि दुसरी बादली आणायला गेली. सतरा वर्षांच्या संसारात तिने त्याच्याकडे तसं कधी बघितलं नव्हतं.

मग दोन्ही साडू गुडघ्यांवर आले. फुलावर व्हिनेगरचं गार पाणी सोडायचं, डॉक्टरने लगेच मशीनने ओढून घ्यायचं, रंगाऱ्याने वर चादर टाकून तळहाताने भार द्यायचा, उचलायची, कोरडी बाजू फिरवायची, पुन्हा. पहिल्या चादरीवर पूर्ण फूल उमटलं, पाकळ्यांसकट. दुसरीवर फिकं. तिसरीवर आणखी फिकं. डॉक्टर सांगेल तसं करत होता आणि एक गोष्ट रंगाऱ्याला कबूल करावी लागली, मनातल्या मनात का होईना: हे मशीन नसतं तर नुसत्या चादरींनी एवढं पाणी ओढलं नसतं. त्याची हातभर-हातभरची पद्धत आज कामाची नव्हती. पाणी त्याचं हवं होतं, ओढ डॉक्टरची.

तास-दीड तास असाच गेला. दुसऱ्या फुलापाशी डॉक्टर थांबला, कपाळ दंडाला पुसलं आणि खालमानेने म्हणाला, “मला या घरात एक काम करायचं होतं, दादा. एकच. काही बिघडलं की आई म्हणतात, रंगाऱ्यांना फोन कर. बल्ब गेला तरी. परवा माझ्यासमोर म्हणाल्या, डॉक्टरांना कशाला त्रास, त्यांना ते जमायचं नाही. मी रोज लोकांच्या जबड्यात स्क्रू बसवतो आणि मला बल्ब बदलता येणार नाही.”

रंगाऱ्याने चादर दाबून धरली होती. त्या बल्बवरून हा माणूस जळत असेल, हे त्याला कधी स्वप्नातही आलं नव्हतं. त्याला वाटलं होतं, जळायचा मक्ता आपल्या एकट्याचा आहे.

“डॉक्टर,” तो म्हणाला, “मला माहीत होतं.”

“काय?”

“लाल सुटणार हे. त्या शनिवारी कोपऱ्यात बघितलं होतं मी, गरम पाण्याने. तुम्ही मघाशी विचारलंत तेव्हाही माहीत होतं.”

डॉक्टरने नळी खाली ठेवली. त्याला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्याचे कान लाल झाले. तो काही बोलणार एवढ्यात मागून सासूबाईंचा आवाज आला. त्या खुर्चीत मिटल्या डोळ्यांनी बसल्या होत्या, झोपल्या आहेत असं दोघांनाही वाटलं होतं.

“बोलायचं होतंत, जावईबापू.”

“हो.”

“का नाही बोललात?”

रंगाऱ्याला फोनवरचं बोलणं सांगता आलं असतं. ते तोंडाशी आलंही. पण ते सांगितलं असतं तर आपली चूक त्यांच्या पदरात टाकल्यासारखं झालं असतं, आणि आजच्या दिवसाला एवढं पुरे होतं. “डॉक्टरांवर जळत होतो,” तो म्हणाला.

एवढ्या मोठ्या माणसाच्या तोंडून हे असं उघडंवाघडं ऐकून सासूबाई चपापल्या. मग त्यांनी नजर गालिच्याकडे वळवली. “उरलेलं संपवा आधी,” त्या म्हणाल्या. “मग बघू.”

उरलेलं त्यांनी संपवलं. डॉक्टर त्यानंतर त्याच्याकडे न बघता नळी ओढत राहिला. गालिच्याच्या कडांखाली विटा सारून हवा खेळती केली, दोन्ही पंखे लावले, खिडक्या उघडल्या. बाकीची तीन फुलं स्वच्छ निघाली, दुसरं अगदी पूर्वीसारखं नाही तरी डोळ्याला खुपणार नाही असं झालं. पहिलं फूल मात्र कायमचं गुलाबी राहिलं. जाताना रंगारी दाराशी थांबला, पण त्याला कोणी “येता रविवारी या” असं म्हणालं नाही.

त्या “मग बघू” चा अर्थ त्याला पंधरा दिवसांनी कळला. सासूबाईंचा स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला आणि त्यांनी बाहेरचा प्लंबर बोलावला. थोरलीने घरी येऊन सहज सांगावं तसं सांगितलं. रंगारी त्या वेळी भात कालवत होता, तो कालवतच राहिला. सासूबाईंनी शिव्या दिल्या असत्या तर परवडल्या असत्या. सतरा वर्षांत त्या घरच्या नळाला दुसऱ्याचा पाना लागला नव्हता.

“चिडली आहे आई,” थोरली म्हणाली. “तुमच्यावर नाही फक्त. स्वतःवरही. मला विचारत होती, मी काही बोलले होते का गं त्यांना?”

“तू काय सांगितलंस?”

“मला काय माहीत, म्हटलं. तुम्ही मला तरी कुठे सांगितलंत?”

मग त्याने तिला सगळं सांगितलं. ‘डोकं’ हा शब्दसुद्धा. “लागण्यासारखंच होतं,” ती म्हणाली. “पण तुम्ही केलंत ते त्याहून वाईट होतं.” त्याला ते पटलं.

दीड महिन्याने रंगाऱ्याची उजवीकडची दाढ ठणकायला लागली. तीन वर्षं तो मुद्दाम दूरच्या एका दातवाल्याकडे जात होता, घरचा डॉक्टर सोडून. तो दातवाला नेमका गावाला गेलेला. दोन दिवस लवंग चावून काढले, तिसऱ्या दिवशी गाल सुजला. बायको म्हणाली, “आता मुकाट्याने जा.”

गेला. डॉक्टरने त्याला इतर पेशंटांसारखंच नंबराने आत घेतलं, खुर्ची मागे केली, दिवा तोंडावर आणला. ज्या माणसाचा आपण घात केला, त्याच्यासमोर आ वासून उताणं पडण्याइतकी वाईट जागा जगात नाही. डॉक्टरने आरशाने टकटक केलं, सुई भरली.

“हे टोचेल,” तो म्हणाला. “नंतर दहा मिनिटं काही कळणार नाही. मग दाढ काढताना दाब जाणवेल, दुखणार नाही. दुखलं तर डावा हात वर करा. मी आधी सगळं सांगतो, दादा. सांगितलेलं बरं असतं.”

रंगाऱ्याला मान हलवायचीही सोय नव्हती. त्याने डोळे मिटून घेतले. दाढ निघाली ती कळलीसुद्धा नाही. हात खरंच हलका होता. मनात नसताना त्याला ते मान्य करावं लागलं.

कापूस दाबून धरून तो उठला, तेव्हा डॉक्टर हात धूत पाठमोरा म्हणाला, “चिडलो होतो मी. अजून थोडा आहे. पण रविवारी आईंकडे जातोय, त्यांची कवळी टोचतेय. तुम्ही येता का बरोबर?”

“बो-आ-वलं नाई,” रंगारी कापसातून म्हणाला.

“मलाही कवळीसाठीच बोलावलंय.”

रविवारी दोघे एकत्र गेले. सासूबाईंनी दार उघडलं, दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि म्हणाल्या, “पाय पुसून या.” गालिचा आता चांगला वाळून मऊ झाला होता. गुलाबी फूल दाराजवळच पडत होतं, रंगाऱ्याने त्यावर पाय दिला नाही. सासूबाईंचा खोकला पुष्कळ उतरला होता, पूर्ण गेला नव्हता. चहा आला, तो गार करून पिताना रंगाऱ्याला त्रास होतोय हे बघून त्यांनी विचारलं, “दाढ काढलीत म्हणे?”

त्याने मान हलवली.

“दुखलं?”

त्याने मान नकारार्थी हलवली.

“दुखायचंच नाही,” सासूबाई सावरून बसल्या. “आमच्या डॉक्टरांचा हातच तसा.” आणि मग पुढची वीस मिनिटं त्या डॉक्टरच्या हाताबद्दल बोलत राहिल्या, पहिल्या कवळीपासून सुरुवात करून. डॉक्टर अवघडून चहात बघत होता. सुजऱ्या गालाने रंगाऱ्याला मध्ये एक शब्दही घालता येत नव्हता. दात दुखायचा थांबला होता. पोटात मात्र दुखत होतं, मघापासून, अगदी नेहमीसारखं. त्याने बशी उचलली आणि उरलेला चहा हळूहळू संपवला.

“जावईबापू,” बोलता बोलता सासूबाई एकदम थांबल्या. “तो प्लंबर आला होता ना, त्याने नळ उलटा बसवलाय. गरम फिरवलं की गार येतं. जाताना जरा बघून जा.”